मालवणला स्वतःची कयाक नेताय? आधी तिथी बघा

भाऊ, तुम्ही आपल्याकडच्या नवेगाव बांध आणि इटियाडोह तलावांत हवा भरायची कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, चालवता. डिसेंबरात घरच्यांसोबत पाच दिवस मालवण-देवबागला चाललात. भाड्याच्या कयाकवाले काठापासून लांब जाऊ देत नाहीत, म्हणून स्वतःची न्यायचा विचार आहे. तिथे ओळखीचं कोणी नाही, मग पाण्यात उतरायची जागा शोधावी कशी, हा तुमचा प्रश्न. मी अर्जुनी मोरगावचा. गेली अकरा वर्षं दर हिवाळ्यात कोकणात जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बांधाचा जो घाट सकाळी चांगला, तोच संध्याकाळीही चांगला. वैनगंगा कितीही फुगली तरी उलटी वाहत नाही. खाडीचं तसं नाही जी. तिथे पाणी दिवसातून चारदा दिशा बदलतं. सकाळी गुडघाभर पाण्यात जिथून अलगद उतरलात, तिथेच दुपारी मांडीपर्यंतचा चिखल आणि कालवांच्या धारदार शिंपल्या. आपल्या कयाकचं रबर त्यावर टिकत नाही. त्यामुळे मी जागेच्या आधी भरतीची वेळ काढतो.

कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी आणि रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हा अंदाज झाला. नक्की वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा पाण्याला ओढ जास्त. अष्टमीनंतरच्या एकदोन दिवसांत भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढ-उतार लहान, ओढ कमी. मुंबईकडे मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, मालवणकडे दोन मीटरच्या आसपास. पण दोन मीटरही अरुंद मुखातून बाहेर पडताना फार जोर धरतात.

हे मी अंगावर घेऊन शिकलोय. दुसऱ्याच वर्षी एका खाडीच्या तोंडाशी दुपारी तीनला उतरलो. ओहोटी लागलेली, समोरून वायव्येचा वारा. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा भिडल्या की वाळूच्या पट्ट्यावर उभ्या भिंतीसारख्या लाटा उठतात. तलावात तासन्‌तास वल्हवलेले माझे हात वीस मिनिटांत गळाले. एका मच्छीमार दादांनी दोर टाकून ओढून आणलं. त्या दिवसापासून अनोळखी खाडीच्या मुखापासून किमान दोन किलोमीटर आत उतरायचं, हे मी स्वतःला लावून घेतलंय. तुम्हीही लावून घ्या, कळकळीने सांगतो.

तुमच्यासाठी बेत असा. दशमी-एकादशीचा दिवस धरा. देवबागच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. खाडीच्या बाजूला, नदी समुद्राला मिळते त्या संगमापासून बरंच आत, सकाळी साडेसहाला उतरा. चढत्या पाण्यासोबत वर जा, दशमीला साडेसातच्या, एकादशीला सव्वाआठच्या सुमाराला पाणी थबकलं की वळा आणि ओहोटीसोबत परत या. उतरलात ती जागा ओलांडून पुढे वाहत जाऊ नये म्हणून काठ धरूनच परता. सकाळी जमिनीवरून मतलई वारा हलका असतो. दहा-अकरानंतर खारा वारा लागतो आणि पर्यटकांच्या मोटरबोटीही वाढतात, त्याआधी बाहेर पडा.

आता जागा. उपग्रह नकाशा उघडा आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या शोधा. जिथे होड्या, तिथे लाट मवाळ आणि पाण्यापर्यंत वाट, हा माझा सगळ्यात भरवशाचा पुरावा. जुन्या तारखांची चित्रंही बघा. सगळ्या चित्रांत जिथे पांढरा फेस दिसतो तिथे खडप, म्हणजे पाण्यातला खडक, किंवा वाळूचा पट्टा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत. पहिल्या फेरीत तिकडे नको.

नकाशावर दोनतीन जागा धरल्या की आदल्या दुपारी पायी जाऊन या, तेही ओहोटीला. तेव्हा तळ उघडा पडतो आणि माणसंही भेटतात. आपण अनोळखी तलावात डोंगा घालायच्या आधी ढिवरांना विचारतोच ना, गाळ कुठे, झाडांचे खुंट कुठे, जाळं कुठे लावलंय? तेच तिथे विचारा: "दादा, सुकतीला (ओहोटीला) इथे पाणी किती उरतं? खडपं कुठे आहेत? वारा किती वाजता लागतो?" कुठून आलात, कुठे उतरलात तेही सांगा. अनोळखी होडीबद्दल किनाऱ्यावरची माणसं सावध असतात, आणि ते योग्यच आहे. वाट कुणाच्या वाडीतून जात असेल तर परवानगी घ्या. रापण चालू दिसली, म्हणजे अर्धगोल जाळं टाकून दोन्ही टोकं काठावरून ओढत असतील, तर आत शिरू नका. ती त्यांची भाकर आहे. हात रिकामे असतील तर दोर ओढायला लागा. मी लागलो होतो, आणि त्या संध्याकाळी खाडीबद्दल जितकं कळलं तितकं कुठल्याच नकाशातून कळलं नव्हतं.

निघायच्या सकाळी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज बघा. उंच लाटांचा इशारा असेल तर तो दिवस मासळी बाजारात घालवा. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट अंगावरच, शिट्टी गळ्यात, फोन पाणीबंद पिशवीत. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 फोनमध्ये आणि काठावर थांबणाऱ्या घरच्यांकडेही. त्यांना परतायची वेळ घड्याळात दाखवून जा.

तुमच्या पाच दिवसांच्या तारखा इथे टाका. तिथ्या बघून कोणत्या सकाळी निघायचं ते सांगतो.