नोकरी गेल्यावरचे पहिले तीस दिवस

प्रिय बाळ,

काल तुझ्या आईचा फोन आला होता. कुंडईचं काम सुटल्याचं तिला शेजारणीकडून कळलं, याचं तिला जास्त लागलंय. आधी तिला सगळं नीट सांग, मग हे पत्र वाच.

तुझं काम गेलं त्यात तुझा दोष नाही. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा मी डिचोलीकडे एका खाणीवर हिशेब लिहीत होतो. दिवाळीपर्यंत सुरू होईल म्हणून भावाने ट्रक दारातच लावून ठेवला. पुढच्या पावसात त्याच्या टपावर घोसाळ्याचा वेल चढला. आम्हांला मागायलाही काही नव्हतं, कारण खाण कायद्याखालच्या खाणींना ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी राज्य विमा, लागूच नव्हता. तुझं तसं नाही, म्हणून एवढं लिहितोय.

पगाराची स्लिप काढ. 18,000 पगारावर ईएसआयचे 135 रुपये कापलेले दिसतील. तेवढ्यावर मालकाने वरून 585 भरायचे असतात. तू विमेदार आहेस, आणि अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत काम गेलेल्या विमेदाराला सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम मिळते, जास्तीत जास्त 90 दिवस, आणि तीही आयुष्यात एकदाच. गेल्या दोन वर्षांची कमाई भागिले 730, त्याचं अर्धं, असा हिशेब. दोन्ही वर्षं दरमहा 18,000 मिळाले असतील तर साधारण 26,600 रुपये होतात. घर त्यावर चालणार नाही, पण घाईघाईने मिळेल ते काम धरावं लागणार नाही.

खरी अडचण दिवसांची आहे. ईएसआयची वर्गणी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी सहा-सहा महिन्यांनी मोजतात. तुझी विम्याची नोकरी निदान दोन वर्षांची हवी. काम सुटण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत 78 दिवस भरलेले हवेत, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी निदान एकीत तेवढेच. तू कंत्राटी, मधे कंत्राटदार बदलला. नव्याने तुझा जुना विमा क्रमांक न विचारता नवाच काढला असेल, तर तुझे दिवस दोन खात्यांत वाटले गेले असतील आणि दोन्हीकडे कमी दिसतील. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं होतं. क्रमांक एक करून घ्यायलाच तिचे कितीतरी हेलपाटे झाले. म्हणून आजच ईएसआयच्या पोर्टलवर जाऊन महिनावार वर्गणी बघ. पगारातून कापली पण भरली नाही, असा एखादा महिना सापडला तर त्या महिन्याची स्लिप जपून ठेव आणि शाखा कार्यालयात लेखी तक्रार दे.

काम सुटून 30 दिवस झाले की दावा करता येतो. पोर्टलवर अर्ज भरायचा, प्रिंट, प्रतिज्ञापत्र, आधार आणि बँक पासबुकाची प्रत शाखा कार्यालयात द्यायची. पैसे खात्यात येतात. अर्ज मालकाकडून पुढे जायलाच हवा असं नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत आणलीय, तेव्हा सध्याची मुदत पहिल्याच फेरीत विचारून घे. आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ऑफिसात बोलावून ‘राजीनामा दे, हिशेब लगेच करतो’ म्हणाले तर सही करू नकोस. त्यांनी काढलं असेल तर तसं कागदावर यायला हवं. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला हा भत्ता नाही. शिवाय कपात म्हणून काढलेल्या कामगाराला नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळायचा असतो, तोही एका सहीने जाईल.

पीएफला मात्र लगेच हात लावू नकोस. नोकरी सुटल्याची तारीख तिथे चढलीय का, एवढंच पाहून ठेव. आणि पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात रोजगार विनिमय केंद्र आहे, तिथली नोंद चालू कर. सरकारी मोजणीत काम शोधणारा किंवा कामाला तयार असणाराच बेकार धरतात. जो थकून कामाचं नावच सोडून घरी बसला तो त्या आकड्यातही येत नाही. तू तसा बसू नयेस असं मला फार वाटतं.

रविवारी जेवायलाच ये. स्लिपा, आधार, पासबुक आण. एखादी स्लिप हरवली असेल तरी ये, बँकेच्या नोंदीवरून महिने जुळवू.

तुझा,
काका