स्पंज, समुद्रफेन आणि मेलेला ढग

डिचोलीच्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे : "मुलांच्या टिपणवहीत 'स्पंज म्हणजे समुद्रफेन, ही समुद्रातील एक वनस्पती' असं वाक्य आलं आहे. हे बरोबर का? स्पंजाला अस्सल मराठी शब्द कोणता? आणि त्याचे वर्ग मराठीत कसे लिहावेत?"

बाई, एवढ्याशा वाक्यात दोन चुका बसवल्या आहेत, आणि दोन्ही ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. केकचा स्पंज, भांडी घासायचा स्पंज, तापात अंग पुसून काढणं हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो.

समुद्रफेन आधी निकालात काढू. मिरामारला किंवा मोरजीला वाळूत तळहाताएवढी, पांढरी, होडीच्या घाटाची वस्तू सापडते. नख दाबलं की रुततं आणि बोटाला पिठासारखी पूड लागते. मोडून पाहिली तर आत कागदाहून पातळ थरांवर थर दिसतात. पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला अडकवतात ती हीच. हा समुद्राचा गोठलेला फेस नव्हे आणि स्पंज तर मुळीच नव्हे. आपण माणकी म्हणतो त्या जातकुळीतल्या एका प्राण्याच्या पाठीतलं हे चुन्याचं कवच. थरांमधल्या पोकळ्यांत वायू असतो म्हणून ते तरंगतं. त्या प्राण्याला डोळे आहेत, मेंदू आहे, शाईची पिशवी आहे. स्पंजाला यांतलं काही नाही. पोट नाही, रक्त नाही, एक मज्जातंतूही नाही. दोघांना एका नावाखाली कोंबायला कारण एकच, वस्तू हातात न घेता नुसता कोश उघडणं.

'वनस्पती'चं पाप मात्र जुनं आहे. सजीवांची नावं आणि वर्ग लावून देणाऱ्या लिनीयससारख्या माणसानं 1753 मध्ये स्पंजाला शेवाळांत बसवलं होतं. 1767 मध्ये त्यानं तो प्राण्यांकडे हलवला. त्याच्या दोन हजार वर्षं आधी अ‍ॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय की स्पंज उपटायला गेलं की तो अंग आवळून धरतो असं म्हणतात, पण ग्रीसमधल्या टोरोनी गावच्या लोकांना हे मान्य नाही. या टोरोनीकरांवर माझा फार जीव आहे. आपल्या गावच्या समुद्राबद्दल बाहेरच्यानं काही सांगितलं की 'तसं काही नसतं' म्हणणारी माणसं पेडण्यापासून काणकोणपर्यंत आजही भेटतात. निकाल लावला प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँट यांनी, 1825 च्या सुमारास, एडिंबरात. जिवंत स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्याच्या मोठ्या भोकांतून पाण्याचा झोत बाहेर येताना त्यांना दिसला. स्पंजांच्या अख्ख्या गटाला, म्हणजे संघाला, 'पोरीफेरा' हे नाव त्यांचंच.

गोड्या पाण्यातल्या स्पंजांनी गोंधळात भर घातली. त्यांच्या अंगात हिरवी शैवालं राहतात, म्हणून दगडाला चिकटलेला तो लिबलिबीत हिरवा थर कोणालाही शेवाळच वाटेल. कार्टर नावाच्या लष्करी डॉक्टरनं मुंबईच्या तळ्यांतल्या अशा स्पंजांचं वर्णन 1849 मध्येच छापलं. तळं आटलं की स्पंज मरतो, पण टाचणीच्या डोक्याहून लहान, कडक कवचाच्या गोळ्या मागे ठेवून जातो. पाऊस पडला की त्यांतून पुन्हा स्पंज. असं असूनही आपल्याकडे स्पंज म्हटलं की परदेशातला निळा समुद्रच डोळ्यांपुढे येतो.

रचना फोड करून सांगतो, कारण टिपणात ती नक्की चुकलेली असणार. अंगभर बारीक छिद्रं, त्यांतून पाणी आत येतं. आत कॉलर पेशी. प्रत्येकीला एक शेपटी आणि शेपटीभोवती गाळणीसारखी कॉलर. शेपट्या हलतात, पाणी ओढलं जातं, जंतू आणि कण कॉलरला अडकतात, तेच जेवण. उरलेलं पाणी वरच्या मोठ्या तोंडानं बाहेर. ल्युकोनिया नावाचा बोटाएवढा स्पंज दिवसाला वीस लिटरांहून जास्त पाणी असं उपसतो. त्या मोठ्या तोंडाला म्हणतात ऑस्क्युलम. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'चिमुकलं तोंड', आणि त्यावरूनच 'चुंबन'. पोर्तुगीज शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना 'ऑस्कुलु' म्हणजे मुका हे लगेच आठवेल. गंमत अशी की नावात तोंड असलं तरी ते तोंड नव्हे, ते बाहेर जायचं दार. 'स्पंज ऑस्क्युलमने अन्न घेतो' असं लिहिणाऱ्याचे गुण जरूर कापा.

आता मराठी शब्द. 'स्पंज' हाच मराठी शब्द आहे. तो पुल्लिंगी आहे, त्याचं सामान्यरूप 'स्पंजा-' होतं, आणखी काय हवं?

संघाचं नाव मात्र भांडण्यासारखं आहे. पाठ्यपुस्तकांत 'रंध्रीय प्राणीसंघ' आढळतो. परिभाषा करणाऱ्यांनी इथं संस्कृत वापरलं, पण प्रत्यय चुकीचा उचलला. 'ईय' लावला की 'त्याचा, त्याच्यासंबंधीचा' असा अर्थ होतो : भारतीय, पर्वतीय, मानवीय. रंध्रीय म्हणजे रंध्रासंबंधी. आपल्याला हवं आहे 'रंध्रं असलेला', आणि त्यासाठी 'इन्' प्रत्यय हात जोडून उभा आहे. पक्ष म्हणजे पंख असलेला तो पक्षी, हस्त असलेला तो हस्ती, शिखा असलेला तो शिखी. मग रंध्रं असलेला तो रंध्री! पोरीफेरा म्हणजेही 'छिद्रं वाहणारा' इतकंच. दोन अक्षरांचा, कुठल्याही मुलाला पक्ष्यावरून समजणारा शब्द समोर असताना 'रंध्रीय' का, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

पण खरा शब्द यांपैकी कुठलाच नव्हे. फारसीत स्पंजाला 'अब्र-ए-मुर्दा' म्हणतात, मेलेला ढग! यूनानी औषधांच्या हिंदी नावांत त्याचाच 'मुआ बादल' झाला. आजच्या फारसीत तर नुसतं 'अब्र' म्हटलं तरी ढग आणि स्पंज दोन्ही. (मराठीतल्या अब्रूचा याच्याशी संबंध लावू नका, ती 'आब'वाली, चेहऱ्यावरच्या पाण्याची.) हे 'अब्र' म्हणजे आपल्या 'अभ्र'चा सख्खा भाऊ. अभ्रापासून आपलं आभाळ आलं, अभ्रक आला. 'मळभ' मी मल अधिक अभ्र असाच सोडवतो, कोणाला पटो न पटो. आणि कोंकणीनं त्यातला मळ धुऊन काढून 'मळब' म्हणजे अख्खं आकाशच केलं.

पिळलं की पाऊस पडतो म्हणून ढग, इथवर कोणीही पोचेल. 'मुर्दा' का, हे बघा. न्हाणीघरातला खरा समुद्री स्पंज हा प्राणी नसतो, त्याचा सांगाडा असतो. भूमध्य समुद्रातून काढलेला स्पंज काळपट, चिकट, घाण वासाचा असतो. पाणबुडे तो कुजू देतात, तुडवतात, धुतात. पेशी गळून जातात आणि स्पाँजिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची पिवळसर जाळी उरते. तीच आपण विकत घेतो. म्हणजे 'मेलेला' हे विशेषण देणाऱ्याला शरीररचना ठाऊक होती! जिवंत जनावर आणि उरलेली जाळी यांतला फरक त्यानं एका शब्दात सांगितला, जो टिपणवहीला पाच ओळींत साधला नाही. माझा आग्रह असा की मराठीनं हा शब्द तेव्हाच उचलायला हवा होता. पेशवाईत एवढी फारसी दप्तरात होती, तिच्यातला 'मुर्दाड' घेतला आणि हा राहिला.

एक जाणकार मला नेहमी सुनावतात की स्पंज सरळ इंग्रजीतून आला, विषय संपला. मराठीपुरतं असेल. पण गोव्यात इंग्रजी येण्याआधी साडेचारशे वर्षं 'इश्पोंज' म्हणणारे राज्यकर्ते बसले होते, ज्यांच्या 'इश्कोला'चं आपण इस्कोल केलं. इथला म्हातारा माणूस 'इस्पोंज' म्हणाला तर ती अडाणी माणसाची इंग्रजी ठरवण्याआधी दोनदा विचार करावा. मूळ शब्द ग्रीक, 'स्पाँगोस'; आणि अळंब्यांचा लॅटिन 'फुंगुस' त्याचाच नातलग असावा असं बऱ्याच व्युत्पत्तिकारांना वाटतं. रोयणीची (वारुळावरची) अळमी आणि समुद्रातला स्पंज एका घरचे! मला हे पटतं. दोन्ही मऊ, दोन्ही सच्छिद्र, आणि दोन्ही वनस्पती नसताना वनस्पतींत मोजली गेलेली.

हां, वर्ग राहिले. चार आहेत. सांगाड्यात चुन्याचे बारीक काटे असलेले ते चुनस्पंज. वाळूच्या द्रव्याचे, सहा टोकांचे काटे असलेले ते काचस्पंज, बहुतेक खोल समुद्रात. तिसरा डेमोस्पंज, दहांतल्या आठांहून जास्त जाती याच्यात. न्हाणीघरातला, मुंबईच्या तळ्यांतला आणि कालवांच्या शिंपल्यांना चाळणीसारखी भोकं पाडणारा क्लिओना हे सगळे इथलेच. अशी शिंपली हणजुण्याला मिळाली तर वर्गात न्या, चित्रापेक्षा बरी. चौथा होमोस्क्लेरोमॉर्फा, 2012 मध्ये तिसऱ्यातून वेगळा काढलेला. त्याला कोणी 'समकंटकीय' वगैरे करण्याआधी देवनागरीत तसाच लिहून टाका.