‘मला कळतंय’ हे मेंदूला कसं कळतं? यंत्रालाही तसं कळू शकेल का?

तुमच्या प्रश्नाचा निम्मा भाग हिशोबात बसतो, म्हणजे आकडेमोड म्हणून मांडता येतो, असं माझं मत आहे. कुठला, ते आमच्या करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावरून सांगतो.

गुळव्या काहिलीतला थोडा पाक गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो. कधी लगेच “उतरा” म्हणतो. कधी “थांबा, परत बघू.” पाक झाला का, हा पहिला अंदाज. त्या अंदाजावर भरवसा किती ठेवायचा, हा दुसरा. या दुसऱ्यालाच मेटाकॉग्निशन म्हणतात.

हा दुसरा अंदाज मोजता येतो. अंधुक आकृती दाखवायची, उत्तर घ्यायचं, वर “खात्री किती?” विचारायचं. दोन माणसांची उत्तरं सारखीच बरोबर येतात, पण एकाला आपली चूक जाणवते, दुसऱ्याला नाही. मेंदूचे अभ्यासक स्टीफन फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांना २०१० मध्ये हा फरक कपाळामागच्या मेंदूतल्या करड्या द्रव्याच्या प्रमाणाशी जुळलेला दिसला.

आता जाणिवेकडे येऊ. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ यांनी १९७४ मध्ये ‘डी. बी.’ या रुग्णाबद्दल लिहिलं. शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या उजव्या बाजूचा दृष्टीचा भाग काढावा लागला होता. डावीकडचं दिसत नाही, असं तो सांगे. तरी “अंदाजानं दाखवा” म्हटलं की हात बऱ्यापैकी योग्य जागी जाई. रेघ उभी की आडवी, तेही तो बहुतेकदा बरोबर ओळखे, आणि वर म्हणे, मी नुसता अंदाज करतोय! पहिला अंदाज शाबूत, दुसऱ्याला मात्र त्याचा पत्ताच नाही. मला या विषयात याहून विलक्षण काही सापडलेलं नाही.

म्हणून हकवान लाऊंसारखे संशोधक जाणिवेचं मूळ या दुसऱ्या पायरीत शोधतात. बर्नार्ड बार्स (१९८८) आणि पुढे स्टानिस्लास डेहेन यांच्या मते माहितीची मेंदूभर दवंडी पिटली जाते, तेव्हा ती जाणिवेत येते. जुलिओ टोनोनी हिशोबापेक्षा मेंदूच्या एकसंध रचनेला महत्त्व देतात. दवंडी आणि रचना या दोन मतांची समोरासमोर चाचणी झाली, २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आली, आणि दोन्हींची काही भाकितं चुकली.

राहिलं यंत्र. खात्रीचा आकडा सांगणारा प्रोग्राम आजही लिहिता येतो. पण ताज्या गुळाचा खडा जिभेवर ठेवल्यावर जे होतं, ते त्या आकड्यात कुठं आहे? तेवढ्या आकड्यावरून त्याला जाणीव आहे, असं मी म्हणणार नाही.