गाण्याच्या बाई फी घेत नाहीत, आता काय करायचं?

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आया बहुतेक मुलांच्या तक्रारी घेऊन येतात. ही आई आली ती मुलीच्या गाण्याच्या बाईंबद्दल बोलायला, आणि तक्रार काय, तर बाई फारच चांगल्या आहेत. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

घर इचलकरंजीतलं. वडील यंत्रमागावर कामाला. कापडाला उठाव नाही म्हणून मालकानं निम्मे माग बंद ठेवलेले, त्यामुळे आठवड्याचा पगार निम्म्यावर आलेला. आई घरी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते. मुलगी आठवीत, चार वर्षं गाणं शिकते. महिना सहाशे रुपये फी. तीन महिन्यांची थकली, तेव्हा क्लास बंद करतो म्हणून सांगायला आई गेली. बाईंनी पेटीवरचा हात न काढता, सगळ्या मुलांसमोर सांगून टाकलं, "फीचं मनात आणू नका. तिला पाठवत जा." पुढे परीक्षेचा फॉर्मही बाईंनीच भरला आणि घरी रियाजाला आपला जुना इलेक्ट्रॉनिक तानपुरा देऊन टाकला.

"मॅडम, एवढं कुणाचं घ्यावं का माणसानं? आणि घेतलं तर फेडायचं कसं?"

हा प्रश्न मी नेहमी ऐकते. कुणाच्या मुलाची कॉलेजची फी मामा भरतो, कुणाच्या मुलीला मालकीण वह्या-पुस्तकं घेते. मदत मिळाली म्हणून घरात आनंद व्हायला हवा, तर घरात सगळे एकमेकांशी तुटक बोलायला लागतात. इथेही वडील म्हणत होते, "आपण काय भिकारी आहोत? बंद कर क्लास." आईनं तोड म्हणून बाईंना विचारलं, रोज येऊन तुमची भांडी घासून देऊ का? बाईंचा चेहरा एकदम उतरला. "हे पुन्हा बोलू नका," एवढंच म्हणाल्या. आईला वाटलं, आपण त्यांच्या स्वयंपाकघरात नको आहोत. त्या रात्री ती मशीनवर बसून रडली होती. हे सांगताना तिनं पर्समधली प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडी केलेल्या शंभराच्या चार नोटा होत्या. महिनाभर रोज घेऊन फिरत होती, द्यायचं धाडस होत नव्हतं.

मग जाता जाता, उठता उठता म्हणाली, "आणि पोरीचा आवाजच बसलाय एक महिना. घशाच्या डॉक्टरनं बघितलं, घसा चांगला आहे म्हणाले."

मी तिला परत बसवलं. माझ्या अनुभवात खरी गोष्ट बऱ्याचदा दारात उभं राहून सांगितली जाते.

मुलगी पुढच्या आठवड्यात आली. तोंडात ज्येष्ठमधाचा तुकडा. आधी शाळेचं, मैत्रिणींचं बोललो. मग मी विचारलं, घरी काय गातेस? म्हणाली, "काही नाही. आधी गायचे. आई मशीन मारत असली की त्याच्या आवाजावर." आता का नाही? बराच वेळ गप्प. तुकडा या गालातून त्या गालात. मग एका दमात बोलली. आई रोज निघताना सांगते, बाईंचे उपकार विसरू नको. पप्पा म्हणतात, पहिली आलीस तरच त्यांना तोंड दाखवता येईल. "क्लासमध्ये बाईंनी थांबवलं की वाटतं, फुकट शिकते आणि तरी चुकते."

तेरा वर्षांच्या मुलीनं सहाशे रुपयांचा हिशोब स्वतःच्या गळ्यावर घेतला होता. ताण आला की आवाज बसतो, हे गाणाऱ्यांना आणि शिक्षकांना चांगलं माहीत असतं. मी औषधाबद्दल बोलले नाही. घसा डॉक्टरांनी पाहिलेला होता, ते महत्त्वाचं होतं. ते न करता कुणी थेट "मनाचं आहे" म्हणू नये.

आईला मी एकच गोष्ट ठासून सांगितली. ही मदत मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांना केलेली आहे. आभार मानायचे, संकोच वाटून घ्यायचा, परतफेडीचा विचार करायचा, ते तुम्ही दोघांनी. मुलीनं फक्त शिकायचं, आणि शिकताना चुकायचं. उद्यापासून "उपकार" हा शब्द तिच्यासमोर काढू नका.

वडिलांना आणायला दोन आठवडे लागले. खुर्चीच्या टोकावर बसले होते. त्यांना मी त्यांच्याच गावचं उदाहरण दिलं. थोर गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं नाव त्यांना माहीत होतं. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर मिरज संस्थानाच्या आश्रयानं शिकले, आणि 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यावर त्यांनी उपदेशक वर्गातल्या, म्हणजे पुढे गाणं शिकवण्यासाठी तयार होणाऱ्या मुलांना फी न घेता, राहण्या-जेवणाची सोय करून शिकवलं. "पण तिथं करार होता," मी म्हटलं. शिकून झाल्यावर ठरावीक वर्षं विद्यालयाचं काम करायचं. काय मिळतंय आणि काय द्यायचंय, दोन्ही बाजूंना ठाऊक. तुमच्याकडे कुणी काही बोललंच नाही, म्हणून जड झालंय.

ते पहिल्यांदा नीट टेकून बसले. "मग मी काय देऊ?"

"किती जमेल?"

"शंभर. पण दर महिन्याला."

बाईंना भेटायला मुलीचे आईवडील आणि मी असे तिघं गेलो. क्लास सुटल्यावर, मुलं गेल्यावर. ही वेळ मी मुद्दाम मागून घेतली होती. बाईंबद्दल मला मनापासून आदर आहे, तरी फी माफ करण्याची गोष्ट त्या दिवशी सगळ्या वर्गासमोर बोलायला नको होती, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांना सांगितलं. त्यांना ते लागलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, मला सुचलंच नाही, ती जाईल या भीतीनं पटकन बोलून गेले.

भांड्यांचा विषय आईनंच काढला. बाई आपल्या हातांकडे बघत बोलल्या. लहानपणी त्या ज्यांच्याकडे शिकल्या, तिथेही फी नव्हती. पण शाळेआधी धुणं, संध्याकाळी भांडी. शिकवणी उरल्या वेळात, तीही मूड असेल तर. "माझ्या आईनंही तुमच्यासारखंच विचारलं होतं. त्यांनी हो म्हटलं." आईनं पदर तोंडाला लावला. महिनाभर जो अपमान वाटत होता, तो कुठून आला होता ते तिला तिथं बसल्या बसल्या कळलं.

बाईंनी शंभर रुपये घेतले. आधी नको म्हणत होत्या, मी नुसती मान हलवली, तेव्हा थांबल्या. पावतीपुस्तक काढलं, बाकीच्यांना देतात तशी पावती फाडून वडिलांच्या हातात दिली. तंबोऱ्याची गवसणी उसवली होती. ती आईनं शिवायला घेतली, पण शिलाईचे पैसे घ्यायचे या अटीवर. बाई म्हणाल्या, ते तुमचं काम आहे, त्याचा दर तुम्ही सांगायचा.

आवाज लगेच सुटला नाही. दीड-दोन महिने गेले. एप्रिल-मेच्या परीक्षा जवळ आल्या होत्या, फॉर्म तर भरलेला. एका संध्याकाळी आईचा फोन आला, घाबरलेली. पोरीनं बाईंना तोंडावर सांगितलं होतं, या खेपेला परीक्षेला बसत नाही.

"मग बाई काय म्हणाल्या?"

"बरं म्हणाल्या. नोव्हेंबरात बघू. आणि यमन राग पुढं शिकवायला घेतला." मागे शिलाई मशीनची घरघर नव्हती, फोनसाठी तिनं पाय थांबवला असावा. त्यामुळे मला आतल्या खोलीतलं स्पष्ट ऐकू आलं. मुलगी तीच एक तान पुन्हा पुन्हा घेत होती, दर वेळी निषादावर चुकत होती, आणि परत सुरू करत होती.