बीएएमएस झालेल्या मुलीला केस पेपरांवर संशोधन करायचं आहे

प्रश्न: माझ्या मुलीचं बीएएमएस झालं, इंटर्नशिप संपत आली आहे. तिच्या दवाखान्यासाठी गावात गाळा घेऊन ठेवला आहे. आता ती म्हणते, प्रॅक्टिस करायची नाही. डॉक्टरांनी लिहिलेला मजकूर कॉम्प्युटरला समजावा यावर संशोधन करायचं आहे. त्याला ती एनएलपी आणि मेडिकल इन्फर्मेटिक्स म्हणते. साडेपाच वर्षं वाया गेली असं समजायचं का? पोटापाण्याचं काय? एका क्लासने तीन महिन्यांचा मेडिकल कोडिंगचा कोर्स सुचवला आहे, तो करू द्यावा का? (एक वडील, सांगली जिल्हा)

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आधी कोर्सचं सांगतो, कारण पैसे भरायची घाई तिथेच होते. आत्ता भरू नका. मेडिकल कोडिंग म्हणजे मुख्यतः अमेरिकेतल्या रुग्णांच्या कागदपत्रांवर विमा कंपनीसाठी ठरलेले कोड टाकायचं काम. नोकरी म्हणून त्यात वाईट काहीच नाही, अनेक घरं त्यावर चालतात. पण तुमच्या मुलीला हवं आहे ते काम वेगळं आहे. कोडर तयार कोड वापरतो. तिला मशीनला तो मजकूर वाचायला शिकवायचं आहे, आणि मशीन कुठे चुकतं ते शोधायचं आहे.

हे नेमकं काय काम आहे ते तुम्हाला नीट कळलं, तर वर्षं वाया गेली का याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एखाद्या केस पेपरवर ‘के/सी/ओ डीएम’ लिहिलेलं असतं. म्हणजे रुग्णाला मधुमेह असल्याचं आधीपासून माहीत आहे. पुढच्या पेपरवर ‘एन/के/सी/ओ डीएम’ असतं, म्हणजे मधुमेह नाही. तिसऱ्यावर लिहिलेलं असतं की वडिलांना मधुमेह होता. तिन्हीकडे ‘डीएम’ आहे, पण रुग्ण मधुमेही आहे तो एकच. नुसता शब्द शोधणारा प्रोग्रॅम तिघांनाही मधुमेही ठरवेल. नकार ओळखण्याच्या या एकाच प्रश्नावर वेंडी चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली पिट्सबर्गमध्ये ‘नेगएक्स’ नावाची साधी पद्धत मांडली. नकारदर्शक शब्दांची यादी आणि काही नियम, एवढंच तिचं स्वरूप होतं. आज त्याच कामाला मोठी भाषा-मॉडेल्स (चॅटजीपीटीच्या जातीचे प्रोग्रॅम) वापरतात, पण रोग आहे की नाही, कोणाला आहे आणि केव्हा होता, हे तीन प्रश्न सुटलेले नाहीत. ‘एमएस’ या दोन अक्षरांचा अर्थ हृदयाच्या झडपेचा आजार, मज्जासंस्थेचा आजार किंवा मॉर्फिन यांपैकी काहीही असू शकतो. कुठे कोणता, हे आजूबाजूची वाक्यं वाचूनच कळतं, आणि ती वाचायला आजार माहीत असावे लागतात.

दुसरा भाग परिभाषेचा. ‘हार्ट अटॅक’, ‘एमआय’, ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ ही एकाच गोष्टीची नावं आहेत हे कॉम्प्युटरला आपोआप कळत नाही. त्यासाठी ‘स्नोमेड सीटी’ नावाची आंतरराष्ट्रीय परिभाषा आहे. तिच्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक आहे. वरची तिन्ही नावं २२२९८००६ या एकाच क्रमांकाखाली येतात. शिवाय कोणती संकल्पना कोणत्या संकल्पनेच्या पोटात बसते, तेही त्यात बांधलेलं असतं. त्यामुळे हृदयरोगाचे सगळे रुग्ण शोधताना हा रुग्ण सुटत नाही. ही परिभाषा चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भारत २०१४ पासून सदस्य असल्याने ती इथे विनामूल्य वापरता येते, आणि या परिभाषेचं देशातलं काम पाहणारं केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. तुमच्यापासून काही तासांच्या अंतरावर. मुलीला हे माहीत नसेल तर जरूर सांगा.

आता आयुर्वेदाकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांतल्या निदानांसाठी त्यात वेगळा विभाग तयार झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत तो प्रसिद्ध झाला. त्याआधीपासून आयुष मंत्रालयाचं ‘नमस्ते’ पोर्टल या निदानांना प्रमाणित संज्ञा आणि कोड देत आलं आहे. कोड झाले, पण आयुर्वेदातल्या आणि आधुनिक वैद्यकातल्या निदानांची जोडणी करणार कोण? प्रमेह म्हणजे डायबेटिस असं लिहून कोणी मोकळं झालं, तर तो घोळ पुढच्या प्रत्येक आकडेवारीत शिरेल. प्रमेहाचे वीस प्रकार आणि मधुमेह हा त्यांतल्या चार वातज प्रकारांपैकी एक, हे तुमची मुलगी झोपेतून उठवलं तरी सांगेल. ज्वर हा आयुर्वेदात स्वतंत्र व्याधी आहे आणि आधुनिक वैद्यकात ताप हे बहुतेक वेळा लक्षण. म्हणजे दोन्हीकडच्या वर्गीकरणाच्या झाडांत त्यांची जागाच निराळी. उत्तम इंजिनिअरला हे दिसणार नाही, कारण ते दिसायला संहिता वाचलेली असावी लागते.

याहून जवळचा प्रश्न आपल्या भाषेचा आहे. ओपीडीत बाई सांगते, ‘अंगावरून पांढरं जातंय’. आजोबा म्हणतात, ‘छातीत गॅस अडकल्यासारखा वाटतोय’, आणि तो गॅस असेलच असं नाही. ‘चक्कर’ म्हणताना कुणाला गरगरणं अभिप्रेत असतं, कुणाला डोळ्यांपुढची अंधारी, कुणाला नुसता अशक्तपणा. डॉक्टर हे सगळं ऐकून इंग्रजीत दोन अक्षरं लिहितो आणि रुग्णाचे शब्द तिथेच संपतात. उद्या बोलणं ऐकून नोंद करणारी यंत्रं गावोगावच्या दवाखान्यांत आली, तर त्यांना हे बोल समजले पाहिजेत. मराठी भाषेच्या संगणकीय प्रक्रियेवर आयआयटी मुंबईत बरीच वर्षं काम चाललं आहे आणि पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाने मराठीसाठी मॉडेल्स खुली केली आहेत. पण मराठी रुग्णाची भाषा आणि वैद्यकीय परिभाषा यांना जोडणारं काम फार थोडं झालं आहे. ते कोणी तरी करायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि ते तुमच्या मुलीसारख्यांनी करावं.

तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेल: एआयच हे सगळं करणार नाही का? न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. रोगांची अधिकृत वर्णनं देऊन त्यांनी मॉडेल्सना कोड विचारले. सर्वांत सरस ठरलेल्या जीपीटी-४ ला अमेरिकेत चालणारा आयसीडी-१०चा कोड तंतोतंत सांगता आला तो सुमारे ३४ टक्के वेळा. मॉडेल्स सुधारत राहतील. पण खरा वाटणारा चुकीचा कोड पकडायला आजार आणि परिभाषा दोन्ही जाणणारी माणसं लागतील.

हे सगळं मुलीच्या बाजूचं झालं. आता तिच्यासाठी थोडं कडक लिहितो. वैद्यकाचं ज्ञान पुरेसं नाही. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, संख्याशास्त्र आणि मशीन लर्निंगचं (उदाहरणांवरून मशीनला शिकवण्याचं) मूळ गणित शिकावंच लागेल, आणि बारावीनंतर गणित सुटलेल्या विद्यार्थ्याला पहिलं वर्ष जड जातं. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम या कामाला चांगला आहे. तो दुसरं काम सांभाळून करता येतो आणि टप्प्याटप्प्याने बाहेर पडायची सोय आहे. पुढे संशोधनच करायचं ठरलं, तर आयआयटी मुंबईतलं कोइटा सेंटर फॉर डिजिटल हेल्थ पाहावं. बीएएमएसच्या उमेदवाराची पात्रता मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये. परदेशातल्या हेल्थ इन्फर्मेटिक्सच्या पदवीसाठी लगेच कर्ज काढायला माझा विरोध आहे. दोन वर्षं इथे काम करून, काही लिहून-छापून मग अर्ज केला तर शिष्यवृत्तीची शक्यता वाढते.

पोटापाण्याचं म्हणाल, तर पुणे-मुंबईत फार्माकोव्हिजिलन्सच्या म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या नोकऱ्या आहेत. त्यांत बीफार्म, बीडीएस, बीएचएमएस यांच्याबरोबर बीएएमएस झालेलेही घेतले जातात. तिथे ‘मेडड्रा’ नावाची परिभाषा रोज हाताळावी लागते. पगार सुरुवातीला बेताचा, पण दिवसभर रुग्णाच्या शब्दांतून नेमकी संज्ञा शोधायची सवय लागते. माझ्या मते तिची पहिली नोकरी ही असावी. इंटर्नशिप पूर्ण करून महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची नोंदणी तिने घ्यावीच आणि चालू ठेवावी. गाळा विकू नका, भाड्याने द्या. तिचं मन दोन वर्षांनी कुठे असेल ते आज तिलाही सांगता येणार नाही.

आणि हे सगळं ठरवण्याआधी तिने एक काम करून पाहावं. ‘एमटीसॅम्पल्स’ या संकेतस्थळावर वैद्यकीय नोंदींचे नमुने मोफत आहेत. त्यांतले पन्नास निवडावेत. तिने आणि तिच्या एखाद्या वर्गमैत्रिणीने, एकमेकींना न दाखवता, प्रत्येक आजारापुढे खूण करावी: आहे की नाही, कोणाला, आत्ता की पूर्वी. मग त्याला स्नोमेडचा क्रमांक शोधावा. नंतर दोघींच्या खुणा जुळवाव्यात. बऱ्याच ठिकाणी जुळणार नाहीत. तिथे बसून वाद घालून नियम लिहावा, आणि त्या नियमाने पुन्हा खुणा कराव्यात. या क्षेत्रातलं निम्मं संशोधन याच कंटाळवाण्या कामावर उभं आहे. त्यात तिचा जीव रमला तर तिला अडवू नका. आठवड्यात हात टेकले, तरी बिघडलं नाही. तुमचा खर्च शून्य झाला असेल.

मात्र या सरावासाठी तिने रुग्णालयातल्या खऱ्या केस पेपरचे मोबाइलवर फोटो काढू नयेत, नाव झाकूनसुद्धा. इंटर्न मंडळी हे सर्रास करतात. रुग्णाची संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी नसताना जमवलेल्या नोंदींवर केलेलं काम कोणतीही चांगली संशोधन पत्रिका छापत नाही, आणि २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आता आहे. खऱ्या नोंदींवर काम करायची वेळ आली, की बोस्टनच्या रुग्णालयातला ‘मिमिक’ हा ओळख पुसलेला संग्रह आहे. त्यात तीन लाखांहून अधिक डिस्चार्ज समऱ्या, म्हणजे रुग्णाला घरी सोडताना लिहिलेले सारांश आहेत. ऑनलाइन प्रशिक्षण आणि करारावर सही केल्यावर तो मिळतो. तो मजकूर बाहेरच्या चॅटबॉटमध्ये टाकायला त्या करारात मनाई आहे, हे तिने सुरुवातीलाच लक्षात ठेवावं.

पन्नास नमुने झाले, की पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं. सोबत तिची नियमांची यादी आणि दोघींचं जिथे शेवटपर्यंत पटलं नाही ती वाक्यं पाठवावीत. कोणता अभ्यासक्रम आणि कोणाकडे, ते मी त्यावरून सुचवीन.