मुंबईत ऑस्करच्या यादीतले परदेशी चित्रपट थिएटरात कुठे बघायला मिळतात?

तुमचे प्रश्न तीन: असे चित्रपट लावणारं खास थिएटर मुंबईत आहे का, डोंबिवलीहून येऊन-जाऊन ते जमेल का, आणि इंग्रजी बेताचंच असेल तर सबटायटल्स झेपतील का.

फक्त असेच चित्रपट रोज लावणारं एक ठरलेलं थिएटर सध्या नाही. पूर्वी चर्चगेटजवळ आकाशवाणी थिएटर होतं, तिथे समांतर सिनेमे लागायचे. आता हा सगळा सिनेमा शहरभर विखुरलाय. तो मिळतो, पण कोण काय दाखवतंय यावर लक्ष ठेवावं लागतं.

सगळ्यात सरळ वाट मल्टिप्लेक्सची. ऑस्करची नामांकनं साधारण जानेवारीत जाहीर होतात आणि सोहळा हल्ली मार्चमध्ये असतो. मधल्या आठवड्यांत वितरक यादीतले काही चित्रपट इथे आणतात. कोरियाचा ‘पॅरासाइट’ भारतात ३१ जानेवारी २०२० ला लागला आणि पुढच्याच आठवड्यात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. एवढं नाव सगळ्यांचं होत नाही. बहुतेकांना लोअर परळ, अंधेरी, जुहू अशा मोजक्या ठिकाणी दिवसाला एखादा खेळ मिळतो, तोही सकाळी दहाला नाहीतर रात्री साडेदहाला. शुक्रवारचे खेळ बुधवारच्या आसपास दिसू लागतात. बुक माय शोवर भाषेचा फिल्टर लावून जपानी, फ्रेंच, कोरियन असं शोधा, नाहीतर हे चित्रपट हिंदी-इंग्रजीच्या गर्दीत खाली दबून जातात. आणि ‘पुढच्या शनिवारी बघू’ म्हणू नका. पुढच्या शुक्रवारी खेळ कमी होतात किंवा चित्रपटच उतरतो. तुम्हाला शेवटची लोकल गाठायची असणार, त्यामुळे शनिवार-रविवारचा सकाळचा खेळ धरा.

पण खरं सांगू का, मी तुम्हाला आधी फिल्म सोसायटीकडे पाठवेन, म्हणजे सभासदांना चांगले चित्रपट दाखवणाऱ्या रसिकांच्या मंडळाकडे. ‘प्रभात चित्र मंडळ’ ही मुंबईतली जुनी सोसायटी, १९६८ पासूनची. वार्षिक वर्गणी भरून सभासद व्हायचं. प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीतल्या मिनी थिएटरशी या मंडळाचं जुनं नातं आहे. ‘वास्तव रूपवाणी’ हे त्यांचं मराठी नियतकालिक चित्रपटांवर गंभीरपणे लिहितं. आशियाई सिनेमा आवडत असेल तर ‘थर्ड आय’ हा आशियाई चित्रपट महोत्सवही चुकवू नका. सभासदत्व कशाला, असं वाटेल. त्याचं कारण कायद्यात आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे जाहीर खेळासाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना आणि सोसायट्यांना त्यातून सूट मिळू शकते, म्हणून प्रवेश सभासदांना किंवा नोंदणी केलेल्यांनाच असतो. आपला फायदा असा की चित्रपट बहुधा कात्री न लागता बघायला मिळतो.

त्याहून मोठा फायदा दिवे लागल्यावर कळतो. निम्मे लोक उठतच नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले एक काका समोर बसलेल्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला विचारतात, ‘शेवटी तो बाप खोटं बोलत होता असं तुला कशावरून वाटलं?’ आणि ती वही उघडून प्रसंग सांगते. इराणी चित्रपटावर अस्सल मराठीत अशी झकाझकी ऐकली की आपलं काय काय बघायचं राहून गेलं ते समजतं. घरी लॅपटॉपवर हे मिळत नाही, आणि माझ्यासारख्याला सिनेमा बघायला कुणी शिकवलं असेल तर या चर्चांनी.

परदेशी सांस्कृतिक केंद्रंही विसरू नका. न्यू मरीन लाइन्सला आलियाँस फ्राँसेज आहे, काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन. तिथले फ्रेंच आणि जर्मन चित्रपट बऱ्याचदा मोफत असतात, आणि दोन्ही ठिकाणी सीएसएमटीहून चालत जाता येतं. जपान फाउंडेशनचा जपानी महोत्सव मल्टिप्लेक्समध्येच भरतो. पेडर रोडचा ‘मिफ’, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, दोन वर्षांतून एकदा असतो. तो माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा, त्या विभागांतली नामांकनं तुम्हाला खुणावत असतील तर जरूर जा.

आता सबटायटल्स. वाक्यं छोटी असतात आणि अर्धं तर चेहऱ्यावरून कळतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं डोळे वर-खाली धावतात, मग आपण वाचतोय हेच विसरायला होतं. जागा मात्र नीट निवडा. पुढच्या रांगांत बसलात तर ओळ वाचायला मान फिरवावी लागते. उतार नसलेल्या छोट्या सभागृहात पुढच्याचं डोकं नेमकं तळाच्या ओळीवर येतं, तिथे कडेची खुर्ची पकडा. सुरुवातीला कमी संवादांचा चित्रपट घ्या. कोर्टातल्या वादावादीचा नको.

एक आग्रहाची गोष्ट. फक्त नामांकनाची यादी हातात धरून चित्रपट निवडू नका. ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या विभागासाठी प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो, त्यातून पंधरा निवडले जातात आणि शेवटी पाच उरतात. पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ मुंबईवरचाच, त्यात मल्याळम आणि हिंदीबरोबर मराठीही ऐकू येते. २०२४ ला कान महोत्सवात त्याला ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला, तरी भारताने ऑस्करला दुसरा चित्रपट पाठवला. आपल्या ‘श्वास’च्या ऑस्करवारीसाठी २००४ मध्ये महाराष्ट्रात वर्गण्या निघाल्या होत्या. नामांकन हुकलं म्हणून तो चित्रपट तसूभरही लहान झाला नाही. रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचा मोठा पुरस्कार मिळाला, तो तर मराठीच. म्हणून ऑस्करबरोबर कान, व्हेनिस, बर्लिनच्या याद्याही बघत जा.

येण्या-जाण्याचं म्हणाल तर प्रभादेवीसाठी डोंबिवलीहून परळला उतरा, पादचारी पुलाने पलीकडे या आणि पुढे चालत जा. संध्याकाळचा खेळ असेल तर चर्चेला थांबूनही परतीची गाडी आरामात मिळते. सभासद व्हायला जाताना दोन फोटो आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा, आणि पुढच्या महिन्याचा कार्यक्रम तिथेच विचारून घ्या.