खेळाडूंचे पैसे आधी, उद्घाटन नंतर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यंदा सहा गावांच्या मुलींची कबड्डी लीग भरवायची आहे. मागच्या खेपेला दोन संघांनी अर्ध्यातूनच अंग काढून घेतलं. अमेरिका-कॅनडात मुलींच्या आइस हॉकीची लीग आता जोरात चालते म्हणे. त्यांनी काय वेगळं केलं?
(क्रीडाशिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : तिथेही आधी पडझडच झाली. कॅनडातली सीडब्ल्यूएचएल ही महिलांची आइस हॉकी लीग 2007 मध्ये प्रायोजकांच्या भरवशावर निघाली. पहिली दहा वर्षं खेळाडूंना पगार नव्हता. 2017-18 पासून थोडं मानधन सुरू झालं आणि 2019 मध्ये लीगच बंद पडली. अमेरिकेतल्या एनडब्ल्यूएचएल या दुसऱ्या लीगने 2015 मध्ये हंगामाला किमान 10,000 डॉलर पगार जाहीर केला, पण दुसऱ्याच हंगामात, नोव्हेंबर 2016 मध्ये, मध्येच कात्री लावली. विश्वास तिथे गेला. 2019 मध्ये दोनशेहून जास्त खेळाडूंनी उरलेल्या लीगमध्ये खेळायला सरळ नकार दिला.

सध्या जोरात चालणारी लीग, पीडब्ल्यूएचएल, 1 जानेवारी 2024 ला टोरंटोत सुरू झाली. त्याआधीच खेळाडूंच्या संघटनेशी 2031 पर्यंतचा करार झाला होता : किमान पगार 35,000 डॉलर, आणि प्रत्येक संघात निदान सहा जणींना 80,000 किंवा जास्त. शिवाय सगळ्या संघांचा मालक एकच. एका शहरात तिकिटं कमी खपली म्हणून तिथल्या मुलींचा पगार अडत नाही. मॉन्ट्रियलमध्ये एका सामन्याला 21,105 प्रेक्षक जमले ते त्यानंतर, एप्रिल 2024 मध्ये.

आता तुमचा हिशेब. सहा संघ, एकेकदा भेट, म्हणजे 15 सामने. दर रविवारी एकाच मैदानावर तीन सामने ठेवले तर पाच रविवारी लीग उरकते. जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुरू करा : कापूस वेचणीची घाई ओसरलेली असते आणि बारावीच्या परीक्षेआधी सगळं आटोपतं. संघात 12 जणी, म्हणजे एकूण 72, सामन्याला प्रत्येकी 200 रुपये धरले तर 72 × 5 × 200 = 72,000. एसटीचं भाडं वेगळं. ही रक्कम समितीच्या खात्यात जमा झाल्याशिवाय वेळापत्रक छापू नका. वर्गणी गावागावाने न ठेवता एकत्र ठेवा. नाहीतर ज्या गावचा सरपंच हात आखडता घेईल त्याचाच संघ आधी गळेल.

संघ मध्येच गळण्याचं दुसरं कारण म्हणजे हरल्यावर खेळण्यात काही उरत नाही. पीडब्ल्यूएचएलमध्ये प्लेऑफची, म्हणजे अखेरच्या बाद फेरीची, संधी गेल्यावर जो संघ जास्त गुण कमावतो त्याला नव्या खेळाडूंमधून पहिली निवड मिळते. गावच्या संघांत अशी निवड नसते, म्हणून शेवटच्या दोन रविवारी तळाच्या तीन संघांत जास्त गुण मिळवणाऱ्याला पुढच्या वर्षीचं यजमानपद द्या. मोठ्या चषकापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

प्रश्न : आमच्याकडे बर्फ कुठला! तरी मुलीला आइस हॉकीची तयारी करायची आहे.
(एक पालक, जि. वर्धा)

उत्तर : सुरुवात इनलाइन स्केटवर, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या बुटांवर, करा. शाळेचं सिमेंटचं कोर्ट पुरतं. आधी झाडून घ्या, एक खडा चाकाखाली आला की तोंडावर पडणं ठरलेलं. खडबडीत सिमेंटवर 84ए च्या आसपास कडकपणाची चाकं घ्या; मऊ चाकं महिन्याभरात झिजतात. आतली कड जास्त झिजते, म्हणून चाकं उलटून लावत जा. बेअरिंगमध्ये धूळ बसली की रॉकेलने धुवा, पूर्ण सुकवा, मग एकच थेंब तेल. पकऐवजी (आइस हॉकीची चपटी रबरी चकती) बॉल वापरा, खडबडीत जमिनीवर पक उलटतो. हेल्मेट, कोपर-गुडघ्याचे पॅड आणि हातमोजे पहिल्या दिवसापासून. उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत संपवा.

बर्फावर गेल्यावर अडचण येते ती थांबण्याची. चाकांवर मागचा पाय आडवा ओढून थांबतात. बर्फावर बुटांखालची दोन्ही पाती आडवी करून बर्फ खरवडावा लागतो. ते बर्फाशिवाय जमत नाही. डेहराडूनला बंदिस्त रिंक (बर्फाचं मैदान) आहे, लेहला हिवाळ्यात सराव चालतो. भारताच्या महिला संघाने 2025 च्या आशिया चषकात कांस्यपदक घेतलं, त्यात लडाखच्या मुलींचा मोठा वाटा आहे.